बाई, सरूचं अजून वाचायचं राहिलंय

बाई, पुस्तक माझ्याजवळच आहे. घर आवरताना तुमच्या सूनबाईंनी ते माझ्या हातात दिलं आणि म्हणाल्या, "काकू, हे वाचनालयाचं दिसतंय. तुम्हीच परत करा." मी हो म्हटलं आणि पिशवीत घालून घरी आणलं. अजून परत केलेलं नाही. फ्रिजवर ठेवलंय. पाणी घ्यायला गेलं की दिसतं. शेवटची थोडीच पानं राहिलीत. त्यातली सरू ट्रकच्या हौद्यात तंबूच्या कापडावर पडून खोकतेय, आणि आपण तिला तिथंच सोडून आलोय.

वाचनालयातले म्हणाले, मंदाताई, बाईंवर काहीतरी लिहून द्या, आपण फलकावर लावू. मी दोनदा कागद घेऊन बसले. तुमचा जन्म कुठला, नोकरी कुठं कुठं झाली, हे माझ्याच्यानं लिहवेना. ते लिहिणारी तुमची शाळेतली माणसं आहेत. मला तुमच्याबद्दल बोलायची सवयच नाही, तुमच्याशी बोलायची आहे. म्हणून हे असं. त्यांना फलकावर लावायचं तर लावू देत.

आपलं सुरू कसं झालं ते आठवतं का? तुमच्या दोन्ही डोळ्यांतला उजेड गेला होता आणि तुम्ही काठी टेकत वाचनालयात नाव काढून टाकायला आला होतात. मी तिथं पुस्तक बदलायला आले होते. माझ्या संतोषला तुम्ही चौथीला होतात, म्हणून मी पाया पडले आणि धीर करून म्हटलं, "बाई, नाव काढू नका. मी येऊन वाचून दाखवत जाईन. पण माझं वाचणं अडाण्याचं आहे."

तुम्ही म्हणालात, "अडाणी वाचत नाहीत, मंदा. वाचतेस तर वाचतेस."

अक्षरं मी संतोषच्याच पुस्तकातून उचललेली. तो अभ्यास करायचा आणि मी भाकरी थापता थापता बघायची. पहिल्यांदा तुम्हाला वाचून दाखवताना मी पाणी म्हणायच्या जागी पानी म्हणायची, तुम्ही दर ओळीला थांबवायचात. पुढं थांबवणं सोडून दिलंत. मी म्हटलं, "दमलात का मला शिकवून?" तर म्हणालात, "नाही गं. आता मला गोष्टीत काय चाललंय त्याची घाई असते."

दुपारचा चहा झाला की मी यायची. तुमच्या स्वयंपाकघराच्या दारात तुम्ही शेंगांचं सूप मांडीवर घेऊन बसायचात, मी उजेडाच्या बाजूला. तुम्ही शेंगा फोडत ऐकायचात. बोटांना सगळं दिसायचं तुमच्या, नासका दाणा बरोबर बाजूला पडायचा. पण नवं पुस्तक उघडलं की आधी तुमची ती अट. "मंदा, शेवट बघून घे आणि मला एवढंच सांग, कुणी मरतं का. बाकी एक अक्षर बोलू नकोस."

मी मागची पानं चाळायची आणि सांगायची, मरत नाही. किंवा, मरतो एक जण. मग तुमचे हात शेंगांवर चालू लागायचे. एकदा मी म्हटलं, "कुणी मरत नाही बाई, पण घर जातं त्यांचं." त्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी तुटकच बोललात. "घराचं कुणी विचारलं होतं तुला?"

मला याचं नवल वाटायचं. तुम्हीच सांगायचात, शाळेत पोरं गोष्टीचा शेवट आधी वाचायची तेव्हा तुम्ही त्यांना बाकावर उभं करायचात. म्हणायचात, लिहिणाऱ्यानं ज्या वाटेनं नेलं त्याच वाटेनं जायचं. आणि डोळे गेल्यावर असं? मला वाटायचं, असेल काहीतरी जुनं दुखणं. कुणीतरी अवेळी गेलेलं असेल, त्याची धास्ती बसली असेल. इतक्या वर्षांत मी विचारलं नाही, बाई. विचारावंसं लई वेळा वाटलं.

एरवी घाबरट मी. तुम्हाला माहीतच आहे. संतोष नागापूरला कंपनीत लागला तेव्हापासून तो मोटरसायकलवरून घरी येईपर्यंत माझा जीव हायवेवर असतो. पोटाची पिशवी काढायची म्हणून डॉक्टर म्हणाले तेव्हा मी आठवडाभर जेवले नव्हते. आमचे हे गेले तेव्हा तर काय. प्रत्येक वेळी तुम्ही माझा हात धरून म्हणायचात, "मंदा, हे सगळं माझं होऊन गेलंय. मी त्याच्या पुढं आलेय. काही होत नाही." माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या तुम्ही, जे जे माझ्यावर यायचं ते तुमच्यावर आधीच येऊन गेलेलं असायचं. मी पुस्तकात पुढं जाऊन तुम्हाला सांगायची आणि तुम्ही खऱ्यातलं मला सांगायचात. असं आपलं चाललं होतं.

पुस्तकांवरून आपण भांडलोही पुष्कळ. मला आत्मचरित्रं आवडायची, तुम्हाला कादंबऱ्या. मी म्हणायची, कादंबरीत तो लिहिणारा उगीच माणसं मारतो, त्याचं काय जातंय. आत्मचरित्र बरं, निदान लिहिणारी बाई तरी शेवटपर्यंत जिवंत असते, नाहीतर लिहिलं कुणी असतं? यावर तुम्ही इतक्या हसलात की सुपातले दाणे सांडले. आणि पुढं कधी तुमचं मन थाऱ्यावर नसलं की स्वतःच म्हणायचात, "आज कादंबरी नको. आज जिवंत बाई आण एखादी."

त्या फॉरेस्टातल्या साहेबाच्या बायकोचं आत्मचरित्र मी असंच आणलं होतं. शेवटचं पान बघितलं तर नवराबायको दोघंही म्हातारी, अंगणात बसून पेरू खातायत. मी म्हटलं, "निर्धास्त ऐका. कुणी मरत नाही." आणि मधेच, कुठलीही खूण नसताना, एका ओळीत त्यांचा धाकटा मुलगा तापानं गेला. एकच ओळ, बाई. पुढची ओळ बदलीची, सामान बैलगाडीत चढवल्याची. मी वाचायची थांबले. तुमचे हात थांबले.

"काय झालं? वाच की."

"पुढं बदली झालीय त्यांची."

"बदलीच्या आधी काय आहे ते वाच."

वाचलं. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "शेवटच्या पानावर जे असतात तेवढेच आपण मोजले. मधे गळालेले कुठून दिसणार?" तेव्हापासून अट वाढली. सगळं पुस्तक चाळून यायचं. मी घरून चाळून आणायला लागले. सून म्हणायची, आत्या, तुम्ही एक पुस्तक दोनदा वाचता, परीक्षा बिरीक्षा हाय काय?

आणि ते जत्रेत बांगड्या विकणाऱ्या बाईचं. तिच्या नवऱ्यानं दुसरी आणली, ती दुसरी आजारी पडल्यावर हिनंच तिचं सगळं केलं, आणि शेवटी लिहिलं की मी दोघांनाही माफ केलं. तुम्ही म्हणालात, खोटं. माफ केलं असतं तर एवढं सगळं बारीकसारीक आठवलं नसतं. मी म्हणाले, आठवतंय तरी केलं, तेच तर मोठं. तुम्ही म्हणालात, तू भोळी आहेस. मी म्हणाले, तुम्ही मास्तरीण आहात, सगळ्यांच्या वह्या तपासता. ते भांडण तसंच राहिलं. परवा लसूण सोलताना बोट चुरचुरलं आणि मला एकदम तुमच्या बाजूचा एक मुद्दा सुचला. सांगायचा कुणाला?

असो. सरूचं सांगत होते.

टुरिंग टॉकीजचा तंबू शिवणारी सरू. जत्रा तिथं तंबू, तंबू तिथं सरू. फाटलं की शिवायचं, पाऊस लागला की वाळवायचं. पोर भावाकडं ठेवलेली, आणि दरवर्षी म्हणायची, यंदा हंगाम संपला की जाते. तुम्हाला ती फार आवडली होती. म्हणायचात, ही बाई स्वतःसाठी रडत नाही, कापड भिजलं की रडते. आणि मग मधल्या कुठल्यातरी प्रकरणात तिला खोकला लागला. तुम्ही सूप खाली ठेवलंत.

"मंदा, कादंबरीत कुणाला साधा खोकला येतो का गं? आपल्याला येतो, आल्याचा रस घेतला की जातो. कादंबरीत आला की तो कशासाठी तरी आलेला असतो. बघितलंस ना तू पुढं?"

मी बघितलेलं नव्हतं. अक्षर बारीक, आणि माझ्या डोळ्यात तो मधोमध डाग आलेला. ओळ वाचताना मधेच मोडते, मान तिरकी करून वाचावं लागतं. चाळायला गेले की सगळं पान पाण्याखाली गेल्यासारखं. नगरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, शुगर पडद्यापर्यंत गेलीय, डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, उशीर करू नका. पहिली तारीख मी गुडघा दुखतोय म्हणून चुकवली. खरं तर डोळ्यात सुई नको होती. तुम्हाला कळलं तेव्हा तुम्ही माझ्यावर जेवढ्या ओरडलात तेवढ्या शाळेतही कुणावर ओरडला नसाल. "मी असाच उशीर केला, म्हणून आज तू मला वाचून दाखवतेस. तुला कोण दाखवणार आहे?"

मी म्हटलं, "सरूचं उद्या बघून सांगते." दुसऱ्या दिवशी तुम्हालाच खोकला होता. तुम्ही हसून म्हणालात, हा साधाच आहे. त्याच आठवड्यात तुम्हाला धाप लागली आणि तुमचा मुलगा पुण्याहून येऊन तुम्हाला नगरला घेऊन गेला.

दवाखान्यात मी भेटायला आले त्या दुपारचं मला पुन्हा पुन्हा आठवतं आणि प्रत्येक वेळी त्याचा वेगळाच अर्थ लागतो. तोंडावर मास्क होता. मी काही बोलायच्या आत पावलांवरून ओळखलंत.

"मंदा. सरूचं काय?"

"अजून बघितलं नाही, बाई. डोळा धरत नव्हता."

तुम्ही श्वास घेत राहिलात. मग म्हणालात, "मग राहू दे. आता बघू नकोस. मी आल्यावर वाचू."

इतक्या पुस्तकांत तुम्ही मला कधी बघू नकोस म्हणाला नव्हतात. मी नुसती मान हलवली. तुम्हाला मान दिसत नाही हेसुद्धा तेव्हा सुचलं नाही. मग तुम्ही म्हणालात, "इंजेक्शनला गेलीस का?" मी म्हटलं, जाते. "ऐक. आधी थेंब घालतात, डोळा बधिर होतो. मग म्हणतात वर बघा. तेव्हा वर बघायचं. सुईकडं बघितलंस तरच सुई दिसते." नर्स आली, वेळ संपली म्हणाली. मी निघताना तुम्ही बोट वर केलंत. वर बघ असं असेल, किंवा थांब असं असेल.

तेच शेवटचं.

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात हेच चालू आहे, बाई. बघू नकोस का म्हणालात? तुम्हाला घरी येण्याची खात्री होती म्हणून? की नव्हती, आणि मला धीर द्यायला म्हणालात? की तुम्हाला सरूचं उत्तर ऐकायची भीती वाटली, कारण तुम्हालाही खोकलाच होता? मी त्या दिवशी बघून आले असते आणि मरत नाही म्हणाले असते, तर तुम्हाला बरं वाटलं असतं का? माझं मलाच हसू येतं. कादंबरीतल्या बाईवर का कुणाचं दुखणं अवलंबून असतं? पण हसून झालं की पुन्हा तेच. आणि आता वाचायचं की नाही? मी आल्यावर वाचू म्हणालात. वाचलं तर तुमचं वाक्य मोडतं. नाही वाचलं तर डोळा राहतोय की जातोय, आणि सरू त्या ट्रकमध्ये खोकतच राहते. पुस्तक फ्रिजवर. मी खाली. पाणी प्यायची पंचाईत.

परवा दुपारी कविता, म्हणजे माझी सून, मेथी निवडत ओट्यावर बसली होती. ती घोडेगावची, बाप जनावरांचा व्यापारी, तोंडानं फटकळ पण मनानं सरळ. म्हणाली, "आत्या, रोज त्या पुस्तकाकडं बगून उसासं टाकता. एकदा वाचून टाका न्हाईतर देऊन टाका. बाईंनी काय सोबत न्यायचं सांगितलं हुतं व्हय?"

"त्या आल्यावर वाचायचं ठरलं होतं."

"आता त्या कुटं येनार, आत्या." मग आवाज खाली आणून म्हणाली, "काय हाय त्याच्यात?"

मी तिला सरूची गोष्ट सांगितली. तंबू, जत्रा, पोर, खोकला. सांगता सांगता माझ्या लक्षात आलं की कवितानं मेथीची जुडी हातातच धरून ठेवलीय.

"मग? मरती का हो ती?"

"बघितलं नाही."

"आना इकडं ते."

मी पुस्तक काढलं आणि मीच उघडलं, सवयीनं. दोन ओळी वाचल्या, तिसरी मोडली. मान तिरकी केली, एक डोळा मिटून दुसऱ्यानं बघितलं, तरी सरूच्या नावाच्या जागी डाग. पुन्हा पहिल्यापासून. कविता म्हणाली, "द्या मला. तुम्ही ही मेथी निवडा." आणि पुस्तक घेऊन ती उजेडाच्या बाजूला बसली, आणि मी तिच्या जागी, सूप मांडीवर घेऊन.

कविता वाचायला लागली. मोबाईलवर वाचते तसं भराभर, आणि बाई, पाणी म्हणायच्या जागी पानी. मी काही थांबवलं नाही. ट्रक चालला होता. ड्रायव्हर म्हणतोय, पुढच्या फाट्यावर तुझं गाव, उतरणार का? आणि कविता वाचता वाचता थांबली. शेंबूड ओढायला थांबली की पान उलटायला, मला कळेना. तिचे डोळे पुढच्या ओळीवर गेले होते हे मला दिसत होतं. तिला माहीत होतं पुढं काय आहे. मला माहीत नव्हतं. तेवढ्या एका श्वासात माझे हात मेथीवर थांबले आणि मी म्हटलं,

"थांब. आधी शेवट बघ. मरते का तेवढं सांग."

आणि मग बाई, मला तुमचं कळलं. इतक्या वर्षांनी. वाचणारा नेहमी एक ओळ पुढं असतो. त्याला हवं तेव्हा तो मागं जातो, पुढं जातो, पान मिटतो. ऐकणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. तुमचं जुनं दुखणं वगैरे काही नसेलही. तुम्ही नुसत्या अंधारात बसलेल्या होतात आणि दुसऱ्याच्या आवाजाला धरून चालत होतात. पुढं खड्डा आहे का, एवढंच विचारत होतात. मी मात्र तुमच्या दुःखाच्या कुठल्या कुठल्या गोष्टी मनात रचत बसले. विचारलं असतं तर तुम्ही एका वाक्यात सांगितलं असतंत आणि वर हसला असतात.

कवितानं मागची पानं उलटली, बघितली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, सांगू का वाचू?"

तोंडाशी आलं होतं सांग म्हणून. तुमचं दवाखान्यातलं आठवलं. बघू नकोस. आपण वाचू. त्याचा अर्थ मला अजूनही नक्की माहीत नाही आणि आता कुणी सांगायचंही नाही. पण मी म्हटलं, "वाच. सावकाश वाच."

तिनं वाचलं. मेथी तशीच राहिली. संतोषच्या डब्याला त्या रात्री पिठलं गेलं आणि तो कुरकुरला.

शुक्रवारी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी नगरला जातोय, कविता आणि मी. भीती आहे. खोटं कशाला सांगू, आत्ता हे लिहितानासुद्धा ओळी वर-खाली होतायत. इंजेक्शननं डोळा राहील असं डॉक्टरही छातीठोक म्हणत नाहीत, आहे तेवढं टिकवू म्हणतात. पण आधी थेंब, मग वर बघायचं, हे मी घोकून ठेवलंय. या वाटेवर तुम्ही पुढं जाऊन आलेल्या होतात आणि सांगूनही गेलात. त्यापुढं जिथं आता गेलात तिथलं मात्र काही सांगायला आला नाहीत. मी विचारत नाही. नुसतं मनात येतं.

येताना पुस्तक वाचनालयात परत करीन. कविता म्हणतेय, दुसरं आणा, पण त्यात खोकला नको.

तर तुम्ही विचारलं होतं, बाई. सरू फाट्यावर उतरते. पोर आता मोठी झालीय, ती आईला ओळखत नाही, पाण्याचा तांब्या देते आणि विचारते, कुणाकडं आलात? सरू पाणी पिते. तिला पुन्हा ठसका लागतो, पोर तिची पाठ चोळते, आणि तिथंच पुस्तक संपतं.

मरत नाही, बाई. पुस्तक संपेपर्यंत तरी नाही.